खुर्ची भाड्याची, ओळख कायमची

फायनल इयर जवळ आलं की हॉस्टेलच्या मेसमध्ये एकच चर्चा असते. यंदा कॅम्पसला कोण येणार? कंपनी आली तर उत्तमच. पण नाही आली तर? मग आपण दोनच दारं ठोठावतो. एक म्हणजे नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकायचा, आणि दुसरं म्हणजे कुठल्यातरी मामाला किंवा काकांना सांगून ठेवायचं. या लेखात तिसऱ्या दाराचा विचार करू. ते दार म्हणजे को-वर्किंग.

को-वर्किंग म्हणजे काय? एक मोठी जागा, टेबल-खुर्च्या, वीज, इंटरनेट आणि चहा. खुर्ची दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळते. शेजारी बसलेला माणूस तुमच्या कंपनीचा नसतो. तो वेबसाइट बनवत असेल, हिशेब लिहीत असेल किंवा घरांचे नकाशे काढत असेल. ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने अशी जागा सुरू केली. पहिला महिनाभर तिथे कोणी फिरकलंच नाही! पुढे मात्र ही कल्पना जगभर पसरली आणि आपल्याकडे मुंबई, ठाणे, पुण्यातही रुजली.

गिरणगावातली खोली

खरं म्हणजे जागा वाटून घेण्यातून काम मिळवणं आपल्याला नवीन नाही. कोकणातून, साताऱ्याहून मुंबईला आलेला गिरणी कामगार गावकीच्या खोलीत उतरायचा. एकेका खोलीत कितीतरी माणसं. पाळीप्रमाणे झोपायचं, जेवायला खानावळ. नव्याने आलेल्या पोराला त्याच खोलीतला कोणीतरी आपल्या खात्यात बदली कामगार म्हणून चिकटवून द्यायचा. खोलीचं भाडं वाटून घेता घेता नोकरीची वाटही सापडायची.

पण या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं काम थांबलं. खोलीतले सगळेच गिरणीत, ओळखी सगळ्या गिरणीतल्याच. मग कोण कोणाला दुसरीकडे चिकटवणार? ओळखी भरपूर असून भागत नाही, त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या असाव्या लागतात.

दूरच्या ओळखीचं गणित

हीच गोष्ट मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांत मांडली. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं की हा ओळखीचा माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? ‘वारंवार’ असं सांगणारे फक्त १६.७ टक्के निघाले. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के, आणि ‘क्वचितच’ म्हणणारे २७.८ टक्के. कारण साधं आहे. रूम पार्टनरला जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडून.

पण वेगळ्या वर्तुळातला माणूस भेटणार कुठे? इथे एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांचं काम उपयोगी पडतं. संशोधन प्रयोगशाळांत त्यांनी इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांच्यातलं बोलणं मोजलं (त्यांचं पुस्तक १९७७ सालचं). अंतर वाढलं की कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण तीस मीटरच्या पुढे ते जेमतेम उरतं. आता दोन्ही निष्कर्ष जोडून पाहा. माणूस वेगळ्या वर्तुळातला हवा, पण बसायला जवळ हवा. को-वर्किंगच्या भाड्यात आपण विकत घेतो ते हेच.

पाबळचं उदाहरण

“हे सगळं शहरात, आपण वाशिंदला!” असं कोणी म्हणेल. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. एका खेड्यात! तिथे लोकांना एकत्र आणते ती यंत्रं आणि गावातली खरी अडचण. एसी हॉलची त्यासाठी गरज पडली नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. वाशिंदमध्ये पोलादाचा कारखाना आहे, भिवंडीच्या बाजूला गोदामं आहेत, तालुक्यात भातगिरण्या आहेत. प्रोजेक्टचे विषय दाराशी पडलेत आणि आपण मात्र सीनियरचा जुना रिपोर्ट शोधत बसतो.

मग करायचं काय?

१. आपली जागा आधी वापरा. संध्याकाळी रिकामी पडणारी एखादी लॅब किंवा वर्कशॉप आठवड्यातून एक दिवस उघडं ठेवता येईल का, हे सरांना विचारा. मेकॅनिकल, कॉम्प्युटर, सिव्हिल सगळे एका टेबलावर बसा. गावातला वेल्डर, मोटार रिवाइंडिंगवाला, पंप दुरुस्त करणारा यांनाही बोलवा. पहिल्या महिन्यात कोणी आलं नाही तर न्यूबर्गची आठवण ठेवा.

२. महिन्यातून एखादा दिवस ठाण्याला जा. एका दिवसाचं भाडं आधी फोन करून विचारा आणि दोघे-तिघे मिळून जा. पण तिथे गेल्यावर एकमेकांशेजारी बसू नका, नाहीतर हॉस्टेलच तिकडे नेल्यासारखं होईल!

३. ‘काही काम आहे का?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्याऐवजी ‘तुमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?’ असं विचारा. त्यातलं एखादं काम आपल्याला जमणारं असेल तर लहानसा नमुना करून दाखवा.

४. जोडीदार निवडताना लहान काम आधी करा. पंधरा दिवसांचं काम एकत्र केल्यावर कोण वेळ पाळतो आणि कोण फोन उचलत नाही हे आपोआप कळतं.

५. पैशाचं लिहून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तोंडी भागीदारीही चालते. पण वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग एकाने रात्री जागवलेल्या असोत आणि दुसऱ्याने नुसतं नाव दिलेलं असो. शिवाय फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. चांगले दोस्त याच कारणावरून एकमेकांचं तोंड बघेनासे होतात. म्हणून कोण काय करणार, पैसे कसे वाटायचे आणि मध्येच सोडलं तर काय, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्रीवर विश्वास नाही म्हणून हा कागद करायचा नाही, मैत्री टिकावी म्हणून करायचा.

शेवटी एक हिशेब. आपल्या हॉस्टेलमध्ये खानदेशातली, मराठवाड्यातली, कोकणातली मुलं आहेत. प्रत्येकाच्या मागे एक वेगळं गाव आणि वेगळ्या ओळखी आहेत. चार वर्षं आपण तीस मीटरच्या आत राहतो आणि तरीही शेजारच्या विंगमधल्या मुलाची ब्रँच आपल्याला माहीत नसते. ठाण्याची खुर्ची नंतर घेता येईल. आज रात्री मेसमध्ये रोजचं टेबल सोडून दुसऱ्या टेबलावर बसा. त्याला भाडंही लागत नाही.