खाण्यापुरत्या तुकड्यासाठी पेरणी व खताचे यंत्र कसे निवडावे?



उसाची लागण, खोडवा, पाचट आणि तोडणी यांबद्दल आपण या पानांवर नेहमीच बोलतो. यावेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे ऊस सोडून दहा-वीस गुंठ्यांचा एखादा तुकडा असतोच. खोडवा मोडला की तिथे गहू होतो, नाहीतर हरभरा. वरच्या हलक्या रानात शाळू होतो. उसाचे बिल बँकेत जमा होते हे खरे, पण वर्षाची भाकरी या तुकड्यातून येते. आणि नेमकी याच तुकड्याची पेरणी घाईत, उरल्यासुरल्या वेळात उरकली जाते.

अलीकडे बैलजोड्या कमी झाल्या. चाड्यावर मूठ धरणारी जाणती माणसेही कमी झाली. त्यामुळे प्रदर्शनात किंवा बाजारात नवे यंत्र दिसले की ते घ्यावेसे वाटते. गट कार्यालयात येणारे सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, कोणतं यंत्र घ्यावं?" आमचे उत्तर असे की यंत्राचे नाव नंतर बघू, आधी आपले माप काढू.

आधी माप

शिफारस हेक्टरी किलोत असते आणि आपला हिशेब गुंठ्यात चालतो. त्यासाठी एक सोपा ठोकताळा ध्यानात ठेवावा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक आर, आणि १०० आरांचा एक हेक्टर. म्हणून हेक्टरी आकड्याला १०० ने भागले की गुंठ्याचा आकडा मिळतो.

रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बी लागते, म्हणजे गुंठ्याला १०० ग्रॅम. गव्हाला वेळेवरच्या बागायती पेरणीत हेक्टरी १०० किलो धरले तर गुंठ्याला १ किलो. मध्यम दाण्याच्या हरभऱ्याला हेक्टरी ७० किलो, म्हणजे गुंठ्याला ७०० ग्रॅम. हरभऱ्याला डीएपी हेक्टरी १२५ किलो, म्हणजे गुंठ्याला सव्वा किलो. दहा गुंठ्यांना साडेबारा किलो झाले, म्हणजे ५० किलोच्या पोत्याचा बरोबर चौथा हिस्सा. पोते फोडलेच आहे म्हणून सगळे ओतायचे, ही सवय इथेच मोडावी.

आता ज्वारीचे बघा. गुंठ्याला १०० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक ओंजळ. ती ओंजळ ४५ सेंटीमीटरच्या काकऱ्यांत २२५ मीटर लांब पुरवायची आहे. जे यंत्र गव्हाचा किलो बरोबर टाकते ते ज्वारीची ही ओंजळही तसेच टाकील, असे मुळीच नाही. यंत्राची खरी परीक्षा इथे होते.

चार प्रकारची साधने

पहिले, गळ्यात अडकवून दांडा फिरवायचे फेकणी यंत्र. खाली चकती फिरते आणि बी किंवा खत दोन्ही अंगांना फेकले जाते. ताग, धैंचा यांसारखे हिरवळीचे पीक मोठ्या रानात पेरायला किंवा उभ्या पिकाला युरिया द्यायला हे बरे. पण बी जमिनीच्या वर पडते. मागून कुळव किंवा फळी फिरवून झाकले नाही तर ते पाखरांचे. काकऱ्या नसल्याने कोळपणी होत नाही, सगळी भांगलण हाताने करावी लागते. शिवाय फेक मधोमध दाट आणि कडेला विरळ पडते, वारा असला तर आणखीच वेडीवाकडी. अरुंद तुकड्यात बरेचसे बी बांधावर आणि शेजाऱ्याच्या रानात जाते. दहा गुंठ्यांच्या धान्यपेरणीसाठी हे यंत्र आम्ही सुचवणार नाही.

दुसरे, हाताने ढकलायचे टोकण यंत्र. एका वेळी एक काकरी होते. आतल्या चकतीच्या खाचेत दाणा बसतो आणि ठरलेल्या अंतरावर पडतो. चकत्या बदलून ज्वारी, मका, हरभरा, भुईमूग अशी पिके घेता येतात. हरभरा आणि मका यांना हे चांगले, एकटे माणूस चालवू शकते. मात्र जमीन भुसभुशीत आणि वाफशावर पाहिजे. ढेकळात चाक उड्या मारते आणि काकरीत नांगे पडतात. ऊस काढलेल्या रानात पाचट आणि खोडक्या राहिल्या असतील तर तोंड अडकते. गव्हासारखे दाट पीक एकेका काकरीने पेरायचे म्हटले तर गुंठ्याला साडेचारशे मीटर चालावे लागते, दहा गुंठ्यांना साडेचार किलोमीटर! तेव्हा गव्हासाठी याचा आग्रह धरू नये.

तिसरे, दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत जाते, दोन्हींच्या नळ्या वेगळ्या. ज्यांच्याकडे बैल आहेत किंवा भावकीत मिळतात, त्यांना छोट्या तुकड्यासाठी आजही हे साधन उत्तम आहे. खत पिकाजवळ पडते, वाया जात नाही. कमीपणा एकच, सगळी भिस्त मुठीवर. ४५ सेंटीमीटरची तीन फणांची पाभर असेल तर ७५ मीटर चालले की एक गुंठा पेरून होतो. त्या ७५ मीटरांत मुठीतून फक्त १०० ग्रॅम ज्वारी सुटली पाहिजे. जाणती बाई हे बरोबर साधते. नवख्याच्या हातून दुप्पट जाते, मग विरळणीची मजुरी डोक्यावर बसते.

चौथे, ट्रॅक्टरचे बी व खत पेरणी यंत्र. मूठ धरावी लागत नाही, चाकाच्या गतीवर माप चालते. पण वळणाला जागा लागते. समजा तुकडा २० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब आहे, म्हणजे दहा गुंठे. दोन्ही टोकांना चार-चार मीटर वळण सोडले आणि लांबीच्या दिशेने पेरले तर १६० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याच्या वर रान वळणात जाते. तेच आडव्या दिशेने पेरले तर ४०० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे! वळणाच्या पट्ट्या शेवटी आडव्या पेरून घेता येतात, पण ते ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवावे. असे यंत्र दहा-वीस गुंठ्यांसाठी विकत घेऊ नये. भाड्याने आणावे आणि चार शेजाऱ्यांनी एकाच दिवशी पेरून घ्यावे.

बी आणि खत एका पेटीत नको

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून वेगळा मांडतो. एकाच पेटीचे स्वस्त यंत्र घेऊन त्यात बी आणि खत कालवून टाकण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. त्यात तीन प्रकारे नुकसान होते.

एक म्हणजे दाणा आणि खताचा खडा यांचे वजन आणि आकार वेगळा. हादऱ्याने बारीक ते खाली बसते. सुरुवातीच्या काकऱ्यांत एक जास्त पडते, शेवटी दुसरे.

दुसरे म्हणजे उगवण. युरिया बियाण्याला चिकटून पडला की त्यातून निघणाऱ्या अमोनियाने कोंब जळतो. ओल कमी असेल तर नुकसान जास्त. शेतकरी म्हणतो बियाणे खोटे निघाले, आणि खरी चूक पेटीत झालेली असते. दुबार पेरणीला बी मिळते, पण गेलेली ओल आणि गेलेले पंधरा दिवस मिळत नाहीत. रब्बीत पंधरा दिवस उशीर म्हणजे गव्हाचा दाणा भरताना उन्हात सापडतो.

तिसरे नुकसान हरभऱ्याचे. आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो, ते जिवंत जिवाणू आहेत. त्यांना खताच्या संगतीत ठेवले तर ते मरतात आणि प्रक्रियेचा खर्च फुकट जातो.

म्हणून खताची पेटी आणि नळी वेगळी असेल तेच यंत्र घ्यावे. खत बियाण्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर बाजूला आणि ५ सेंटीमीटर खाली पडले पाहिजे. अशी सोय नसेल तर आधी खत पेरून मग बी पेरावे, पण दोन्ही एकत्र करू नये. गव्हाचा युरियाचा दुसरा हप्ता हाताने दिला तरी चालतो. त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक उभे चालत फेकावा, दुसरा आडवे चालत. असे केले की दाट-विरळ होत नाही.

यंत्र पारखायचे कसे?

दुकानात यंत्र नुसते फिरवून बघू नये. घरचे बी, एक छोटा वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन जावे. काकरीत ३० सेंटीमीटर अंतर धरले तर ३४ मीटर चालणे म्हणजे गुंठ्याचा दहावा हिस्सा. नळीच्या तोंडाला पिशवी बांधून एका फणाचे यंत्र ३४ मीटर ढकलावे आणि पिशवी तोलावी. हरभरा ७० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, डीएपी १२५ ग्रॅमच्या आसपास. ज्वारीचे वजन लहान, म्हणून पूर्ण २२५ मीटर चालून १०० ग्रॅम येतात का ते बघावे. तीन वेळा करावे. तिन्ही वजने जवळजवळ सारखी आली तर यंत्र विश्वासाचे. एकदा ६०, एकदा ९० असे येत असेल तर ते कितीही चकचकीत असले तरी सोडून द्यावे.

मग पिशवी सोडून कडक जमिनीवर पाच-दहा मीटर चालावे आणि दाणे मोजावेत. हरभऱ्याचे मीटरला सुमारे १२, ज्वारीचे १२-१३ दाणे पडावेत. फुटलेले दाणे दिसले तर चकती बियाणे चिरडते आहे असे समजावे. फुटका दाणा उगवत नाही.

प्रक्रिया केलेले बी सावलीत पूर्ण सुकवूनच पेटीत घालावे. ओलसर बी खाचेत चिकटते. खताची पेटी काम संपल्यावर त्याच संध्याकाळी रिकामी करून धुऊन पुसावी. रात्रभर राहिलेले खत ओल धरते, दगड होते आणि पत्रा खाते. पुढच्या हंगामात यंत्र चालत नाही त्याचे कारण बहुधा हेच असते.

विकत, भाड्याने की भागीत?

वर्षातून यंत्र किती दिवस चालणार, हा प्रश्न आधी घरात बसून विचारावा. दहा गुंठ्यांसाठी दोन दिवस चालणार असेल तर चार-पाच जणांनी भागीत घेणे शहाणपणाचे. मात्र पाळी कोणाची, धुणार कोण आणि मोडले तर खर्च कोणाचा, हे वहीत लिहून ठेवावे. भागीतली अवजारे वापराने कमी आणि भांडणाने जास्त मोडतात. चकत्या आणि नळ्या जवळच्या गावात मिळतात का, हेही विचारून घ्यावे.

थोडक्यात, बैल असतील तर दोन चाड्यांची पाभर. बैल नसतील तर हरभरा, मका यांना ढकलते टोकण यंत्र आणि गव्हाला भाड्याचे ट्रॅक्टर यंत्र. ज्वारीला ज्या यंत्राने १०० ग्रॅमची परीक्षा दिली ते. आणि साधन कोणतेही असो, बी आणि खत वेगळे.

पेरणीच्या आधी आठ दिवस यंत्राची तोल-पारख करून घ्या. ज्यांना मापाचा हिशेब जमत नसेल त्यांनी तुकड्याची लांबी-रुंदी आणि पिकाचे नाव कागदावर लिहून गट कार्यालयात यावे, आम्ही बसून आकडे काढून देऊ. येताना बियाण्याची पिशवी आणायला विसरू नका.