पलंग एक, पाठी दोन

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे: नवरा-बायकोला मानवणारी गादी वेगळी, पण पलंग एकच. गादीवर अंथरायचा दोन-तीन इंची थर, म्हणजे टॉपर, घेऊन हे सुटेल का, असे बहुतेकांनी विचारले आहे. सुटते, पण दोघांसाठी मिळून एकच टॉपर घेतला तर क्वचित. निवडक पत्रांना उत्तरे देतो.

प्रश्न : यजमानांची कंबर दुखायची म्हणून आम्ही काही वर्षांपूर्वी काथ्याची कडक गादी घेतली. ते उताणे झोपतात, त्यांना ती मानवली. मी कुशीवर झोपते. सकाळी खांदा आणि खुबा ठणकतो. माझे वजन ५२ किलो, त्यांचे ८६. पलंग ७८ बाय ७२ इंची आहे. मुलगी म्हणते, सगळ्या पलंगावर मेमरी फोमचा टॉपर घाला. यजमानांना भीती वाटते की मऊ गादीवर कंबर पुन्हा धरेल. काय करावे? (एक भगिनी, ठाणे)

उत्तर : ताई, दिवसभर खांदा बरा राहून फक्त सकाळी ठणकत असेल, तर कारण बहुधा गादीच आहे. कुशीवर झोपले की भार खांदा आणि खुबा या दोन जागी एकवटतो. गादी कडक असली की त्या जागा रुतत नाहीत आणि कंबर मधल्या मध्ये अधांतरी राहते. त्यात वजनाचा फरक आहेच. ८६ किलोच्या माणसाखाली गादी जितकी दबते तितकी ५२ किलोच्या माणसाखाली दबत नाही, म्हणजे त्याच गादीवर तुमच्या वाट्याला त्यांच्यापेक्षा कडक बिछाना येतो. तुमचे दुखणे त्यांना का समजत नाही, याचे कारणही हेच असावे.

सगळ्या पलंगावर एक टॉपर घालू नका. ७८ बाय ७२ चे बरोबर दोन भाग होतात, ७८ बाय ३६ चे, आणि हे सिंगलचे माप दुकानात तयार मिळते. तुमच्या बाजूला दोन किंवा तीन इंचांचा मऊ टॉपर घ्या. त्यांच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा घट्ट फोम घाला. फोमच्या दुकानात मापाने कापून देतात. रिबॉन्डेड फोमचे वरून मऊ आवरण शिवलेले पान त्यांना काथ्याच्या गादीइतकेच भक्कम वाटेल. जाडी दोन्हीकडे अगदी सारखी हवी, नाहीतर मध्ये पायरी तयार होते. वरून एकच मोठी, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर ताणून घातली की फट जाणवत नाही.

आता यजमानांच्या भीतीबद्दल. कंबरदुखीला फळीसारखा बिछाना हवा, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि कित्येक डॉक्टरांनीही तो वर्षानुवर्षे सांगितला. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर याची तपासणी झाली; तिचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. ९० दिवसांनी मध्यम गादीवर झोपणाऱ्यांच्या दुखण्यात आणि हालचालींत जास्त सुधारणा दिसली. म्हणून ज्यांची कडक गादी चांगली चालली आहे त्यांनी ती टाकून द्यावी असे नाही. यजमानांना बरे वाटते आहे, त्यांची बाजू कडकच राहू द्या. पण ‘कडक म्हणजे औषधी’ या समजुतीपायी तुम्ही खांदा दुखवून घेऊ नका.

टॉपर योग्य आहे का, हे तुम्ही दोघे एकमेकांसाठी तपासू शकता. तुम्ही नेहमीसारख्या कुशीवर झोपा आणि यजमानांना मागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याची रेघ सरळ दिसली पाहिजे. खुबा खाली गेला असेल तर थर फार मऊ; कंबर खाली झोळीसारखी लोंबत असेल तर तो अजूनही फार कडक. मऊ थरात खांदा आत गेला की जुनी उशी उंच पडते, तीही कमी करावी लागेल.

खरेदीच्या वेळी ‘डेन्सिटी’ हा शब्द कानावर पडेल. घनमीटरला किती किलो फोम, इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून टिकाऊपणा कळतो, मऊपणा नव्हे. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि घट्टही. मेमरी फोम ५० डेन्सिटीच्या खाली घेऊ नये, असे माझे मत. आणि तपासणे सोपे आहे: ७८ बाय ३६ चा दोन इंची, ५० डेन्सिटीचा टॉपर कव्हर सोडून साडेचार किलोच्या थोडा वर भरतो. घरच्या वजनकाट्यावर तो तीन किलो भरला तर परत करा.

पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट मात्र कराच. पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि नेहमी झोपता त्या जागी दोरी व गादी यांतले अंतर मोजा. इंच-दीड इंचाचा खळगा असेल तर टॉपर त्याच खळग्यात बसेल. तिथे नवी गादीच लागते.

प्रश्न : मेमरी फोमचा टॉपर घेतला. मिसेसना खूप आवडला. मी मात्र रात्रभर घामाने भिजतो. पावसाळ्यात तर अंथरूण ओलसर लागते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो आणि अंगाला लपेटतो. तोच त्याचा गुण, आणि दमट हवेत तोच त्याचा दोष, कारण अंगाभोवती हवा खेळायला जागा उरत नाही. कोकणात उकडणाऱ्या माणसाने तो घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. तुमच्या अर्ध्या भागासाठी भोकांचा नैसर्गिक लॅटेक्स बघा. तो रबराच्या चिकापासून करतात, लवचीक असतो, अंग फार आत घेत नाही आणि त्यातून हवा खेळते. रबरी हातमोज्यांनी अंगाला खाज किंवा पुरळ येत असेल तर मात्र लॅटेक्स नको.

त्याआधी चादरीखाली प्लास्टिकचे अस्तर असलेला वॉटरप्रूफ प्रोटेक्टर आहे का, ते पाहा. अर्धा घाम त्यानेच येतो असे अनेक घरांत दिसते. तो काढून सुती आवरण घाला. पलंग पेटीचा असेल तर प्लायला भोके पाडून घ्या. आठवड्यातून एकदा टॉपर उचलून भिंतीला उभा करा आणि वर पंखा लावा. उन्हात टाकू नका. कापसाच्या गादीला ऊन मानवते, पण फोम आणि लॅटेक्स उन्हाने पिवळे पडून भुगा होतात. पांघरूण दोघांचे वेगळे ठेवा. मिसेसना गोधडी, तुम्हाला पातळ चादर.

प्रश्न : माझी शिफ्ट पहाटेची. मी उठलो की बायको दचकून जागी होते. जुनी स्प्रिंगची गादी आहे. टॉपरने फरक पडेल? (पिंपरी)

उत्तर : थोडा. एकमेकांना जोडलेल्या स्प्रिंगांची गादी असेल तर धक्का खालूनच जातो. वरचा मेमरी फोम तो कमी करेल, थांबवणार नाही. दोन सिंगल गाद्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच पूर्ण सुटका. गादी बदलायचीच असेल तर तो खर्च आधी करा.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीपुढचे. मुलाने चार इंची मऊ टॉपर पाठवला. हिला छान वाटतो, मला कूस बदलताना फार कष्ट होतात. परत कसा करू? (सांगली)

उत्तर : काका, मुलाचे प्रेम कळते, पण हा टॉपर तुमच्यासाठी नाही. फार मऊ थरात कूस बदलायला आणि उठून बसायला जोर लागतो, आणि रात्री लघवीला उठताना तो जोर नेमका नसतो. शिवाय चार इंचांनी पलंग उंच झाला आहे. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पडण्याचा धोका आहे, आणि तो काकूंनाही आहे. मुलाला हेच कारण सांगा. तुमच्या बाजूला चांगल्या पिंजलेल्या कापसाची पातळ गादी करून घ्या. दोन इंच पुरे. तिला अधूनमधून ऊन दाखवा, गोळे झाले की पुन्हा पिंजून घ्या. काकूंसाठी तेवढ्याच जाडीचा फोम घ्या.

प्रश्न : यजमान घोरतात. त्यावर एखादा टॉपर आहे का? (नागपूर)

उत्तर : नाही. घोरता घोरता श्वास थांबतो असे दिसत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा छातीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना पलंगाचे माप, गादी कशाची व किती जुनी, दोघांची वये आणि वजने, आणि प्रत्येक जण कोणत्या अंगावर झोपतो, हे जरूर कळवा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जा.