आधी गवत, मग नाक, शेवटी बंदूक

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंटच्या शिकारीचा हंगाम उघडतो. आदल्या रात्री सू फॉल्समधल्या घरी मामा टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदूक पुसत बसला आहे. मिनियापोलिसला शिकणारी भाची केतकी सुट्टीला आली आहे. तिला उद्या सोबत जायचंय, पण त्याआधी भांडायचंय.

केतकी: आई सांगते, सांगलीत असताना तुला कोंबडी कापलेली बघवत नव्हती.

मामा: अजूनही बघवत नाही.

केतकी: मग हे काय आहे?

मामा: उद्या दिवसभर आपण कमरेएवढ्या गवतातून चालणार आहोत. बंदुकीला काम मिळालंच तर काही सेकंदांचं. दिवसाला माणशी तीन पक्षी, तेही फक्त नर, असा कायदा आहे.

केतकी: नरच का?

मामा: एका नरामागे बऱ्याच माद्या असतात. काही नर कमी झाले म्हणून पुढच्या वर्षीची अंडी कमी होत नाहीत. शिवाय ओळखू येतो. अंग तांबूस-सोनेरी, मानेत पांढरं कडं, शेपूट हातभर. मादी मातकट. पक्षी उठला की ज्याला आधी दिसेल तो ओरडतो, ‘रूस्टर!’ नाहीतर ‘हेन!’ सूर्य डोळ्यांवर असेल, रंग कळत नसेल, तर चापाला हात लावायचा नाही.

केतकी: हा इथलाच ना पक्षी?

मामा: छे, चीनचा. ओवेन डेनी नावाचा अमेरिकेचा वाणिज्यदूत शांघायला होता. त्याने 1881 मध्ये हे पक्षी जहाजाने ओरेगनला पाठवले, ते बहुतेक वाटेतच मेले. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवले, ते जगले. साउथ डकोटात ते नंतर आले. इथला पहिला हंगाम 1919 मध्ये, स्पिंक परगण्यात, फक्त एका दिवसाचा. आपण उद्या तिकडेच चाललोय, रेडफील्डजवळ. आणि 1943 मध्ये हा राज्यपक्षी झाला.

केतकी: बाहेरून आलेला राज्यपक्षी! मूळचे कुठे गेले?

मामा: प्रेअरी चिकनचं गवत नांगराखाली गेलं. ही इथल्या लोकांना टोचणारी गोष्ट आहे आणि टोचायलाच हवी. फेझंटला मात्र शेतही लागतं आणि गवतही. खायला मका, अंडी घालायला गवत, आणि बर्फाचं वादळ आलं की दडायला पाणथळीतली पाणकणसं. मादी जमिनीवर घरटं करते, साधारण तेवीस दिवस अंड्यांवर बसते. तेवढ्यात लसूणघासाची कापणी आली की घरटं संपलं, कधीकधी तीही. म्हणून शिकारीच्या आकड्यांचं खरं गणित गवतात आहे. 1985 च्या शेती कायद्याने शेतकऱ्यांना जमीन गवताखाली ठेवायचं भाडं मिळू लागलं, तेव्हा पक्षी वाढले. पुढे मक्याला भाव आला, करार संपलेली जमीन पुन्हा नांगरली गेली, पक्षी घटले. पाळलेले पक्षी आदल्या दिवशी सोडून मारायची ठिकाणंही आहेत इथे. मी तिकडे जात नाही. ते दुकानातून आणण्यासारखंच.

केतकी: आणि ही चिंगी? दिवसभर सोफ्यावर लोळते.

मामा: उद्या बघ तिला! ती स्प्रिंगर स्पॅनियल. कुत्र्यांच्या दोन तऱ्हा. पॉइंटर, सेटर, जर्मन शॉर्टहेअर हे वास लागला की जागच्या जागी थिजतात. नाक पक्ष्याकडे, शेपूट ताठ, बऱ्याचदा पुढचा एक पाय उचललेला. शिकारी चालत पुढे जाऊन पक्षी उठवतो. दिसायला फार देखणं काम. पण फेझंट लबाड, तो बसून राहत नाही, सऱ्यांमधून पळत सुटतो. कुत्रा थिजलाय आणि पक्षी शंभर पावलं पुढे गेलाय, असं होतं. चिंगीची जात थांबत नाही, घुसून पक्षी उडवते. अट एकच, तिने वीस-पंचवीस पावलांच्या आत राहायचं. त्यापलीकडे उठलेला पक्षी बंदुकीच्या टप्प्यात राहत नाही.

केतकी: तिला कळतं कसं?

मामा: आपण वारा तोंडावर घेऊन चालतो. ती डावी-उजवीकडे नागमोडी फिरते, म्हणजे समोरून येणारा वास तिला आडवा सापडतो. वास ताजा झाला की आखूड शेपटीचा वेग वाढतो. मी पक्षी शोधत नाही, तिची शेपटी बघतो. आणि तिचं मोठं काम बार निघाल्यावर आहे. नुसता पंख मोडलेला कोंबडा खाली पडताच पळतो, माणसाला तो गवतात सापडत नाही. तो तडफडत मरू नये असं वाटत असेल, तर कुत्र्याशिवाय जाऊच नये.

केतकी: बरं. आता ही बंदूक. नवीन घ्यायला पैसे नाहीत का?

मामा: निम्मी हौस आहे, कबूल. पार्कर ब्रदर्स, कनेटिकटमधलं मेरिडेन गाव. 1934 मध्ये ही कंपनी रेमिंग्टनने घेतली, ही बंदूक त्याच्या आधीची. सोळा बोअरची. बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. म्हणून बारा बोअरची नळी सोळापेक्षा मोठी.

केतकी: आणि दोन चाप?

मामा: उरलेली निम्मी बाजू तीच. उजवी नळी मोकळी, छर्रे लवकर पसरतात. डावी तोंडाशी किंचित आवळलेली, छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. पक्षी पायाशी उठला तर पुढचा चाप, लांब उठला तर थेट मागचा. निवड बोटाच्या टोकावर. माझ्या मित्राकडे विंचेस्टरची मॉडेल 12 आहे, 1912 मध्ये निघालेली, पुढचा दांडा मागेपुढे ओढायची. एकामागून एक बार काढते, पण नळी एकच. शिवाय ही तीन किलोच्या आसपास. संध्याकाळी हाताला फरक कळतो.

केतकी: जुनी बंदूक फुटत नाही?

मामा: चुकीचं काडतूस घातलं तर फुटू शकते. जुन्या सोळा बोअरची खोबण आजच्यापेक्षा किंचित आखूड असते. आजचं काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा नसते, दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या तर बहुधा काळ्या दारूसाठी केलेल्या. त्या बंदूकवाल्याकडून मोजून घेतल्याशिवाय कोणी उडवू नये. तिसरी अडचण छर्ऱ्यांची. पक्षी खडे समजून शिशाचे छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून 1991 पासून बदकांच्या शिकारीत शिसं देशभर बंद आहे, आणि बऱ्याच सरकारी जमिनींवर फेझंटलाही. त्याऐवजी पोलादाचे छर्रे आले. पण ते जुन्या मऊ नळ्यांना ओरखडतात. म्हणून मी महागडे बिस्मथचे घेतो.

केतकी: एवढा खटाटोप करून खाता तरी का?

मामा: खातो तर! इथले कित्येक जण छातीचं मांस घेऊन पाय फेकतात, ते मला पटत नाही. पायाच्या शिरा चिवट असतात, पण मंद आचेवर शिजवलेल्या रश्श्यात चव त्यांचीच. मात्र वाटेत साफ करताना एक पाय, डोकं किंवा पिसांसकट पंख तसाच ठेवायचा. रेंजरने गाडी थांबवली तर नर आहे हे दाखवता आलं पाहिजे. पाय ठेवला की नराच्या पायामागची टोकदार आरी दिसते, वाद मिटतो.

केतकी: मला बंदूक देणार?

मामा: परवाना आहे तुझ्याकडे?

केतकी: नाही.

मामा: मग नारिंगी टोपी घालायची आणि माझ्या डाव्या हाताला, रांगेत चालायचं. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. दहाच्या आधी बार काढता येत नाही, पण गाडीचे अडीच तास आहेत. आणि हे कापडी बूट चालणार नाहीत. मामीचे घालून बघ.