भांड्यांच्या आवाजाखाली

आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे एक जुनी डिझेल मिनीबस. मागच्या सीटा काढून तिथे पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवून घेतली आहे. गाडी बहुतेक वेळा मी चालवते, नवरा शेजारी बसतो. कोकणात उतरायचं, पुन्हा घाटावर चढायचं, हे वर्षभर चालू असतं. रस्त्यात बंद पडण्याच्या कितीतरी आधी गाडी आपलं दुखणं सांगायला लागते, हे तिच्याच संगतीत कळत गेलं.

१. घराचा आवाज गाडीच्या आवाजावर बसतो. डबे, पातेली, कपाटांच्या कड्या यांचा खडखडाट इतका असतो की खाली बेअरिंग रडत असलं तरी पत्ता लागत नाही. म्हणून निघताना भांड्यांमध्ये जुन्या साडीचे तुकडे कोंबायचे, कड्यांना रबर लावायचं. सुरुवातीचा थोडा रस्ता गाणी बंद आणि काचा खाली. एखाद्या लांब भिंतीला किंवा पुलाच्या कठड्याला लागून गाडी गेली की चाकाचा आवाज तिथून उलटून कानावर येतो. एरवी न ऐकू येणारं बरंच काही तेव्हा ऐकू येतं.

२. गाडीचं नेहमीचं वागणं पाठ असल्याशिवाय बिघाड ओळखू येत नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना आमच्या गाडीच्या टेंपरेचरचा काटा जरा वर सरकतो आणि कोयनानगरच्या सपाटीला लागलो की जागेवर येतो. एकदा त्याच चढाला, तेवढ्याच ओझ्यानिशी, तो नेहमीपेक्षा बोटभर वर दिसला. धोक्याचा दिवा लागलेला नव्हता, वाफही नव्हती. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते, घाम निघतो, पण उपयोग होतो) आणि जागा मिळताच थांबलो. रेडिएटरच्या वरच्या नळीला क्लिपेपाशी हिरवट पांढरी खपली धरली होती. कूलंट थेंबथेंब झिरपून तिथल्या तिथे वाळत होतं, म्हणून जमिनीवर कधी डाग पडला नव्हता. गरम इंजिनाला मात्र झाकण उघडायला जाऊ नये. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणूनच १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून अंगावर येतं. नळी कुठेच गळत नाही आणि तरी पाणी कमी होतंय, असं दिसलं तर पुढचा प्रवास विसरायचा. ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर हेड गॅसकेटचं काम निघालं असं समजायचं.

३. नाकावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना जळका वास आला की आधी ब्रेक आठवावेत. आपली गाडी रिकामी कधीच नसते. टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर पलंग, बॅटऱ्या, सिलिंडर. एवढं वजन फक्त ब्रेकवर तोलत उतरलं तर लायनर तापून पकड सोडतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की तीच मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. ऑइल उकळलं की पायाखालचा ब्रेक मऊ लागतो, खाली खाली जातो. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच, मग ते कितीही स्वच्छ दिसो. आणि चढताना ज्या गिअरला आलो, उतरताना त्याच गिअरला.

४. चालवणाऱ्यापेक्षा शेजारच्याला आधी कळतं. माझं लक्ष रस्त्यावर, नवऱ्याचे पाय फळीवर. “अगं, ही गुणगुणतेय,” तो म्हणाला, तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर गिअर क्षणभर न्यूट्रलला घेतला तरी गुणगुण तशीच राहिली, म्हणजे इंजिन सुटलं. उजव्या वळणावर ती वाढायची, कारण तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. डाव्या चाकाचं बेअरिंग निघालं. टायर वेडावाकडा झिजला तरी असाच आवाज येतो, पण रस्त्याचा पोत बदलला की तो बदलतो.

५. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत असते आणि बाजूला बारीक भेगा. बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

६. गॅसच्या वासाला दुसरा विचार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, ती फळीवर साचते. पलंगावर निजलेल्याच्या नाकाला ती उशिरा पोचते. दारं उघडायची, सिलिंडर बंद करायचा, कुठलंही बटण दाबायचं नाही.

७. मिस्त्रीला “काहीतरी वाजतंय” एवढंच सांगून भागत नाही. कितव्या गिअरला, थंड असताना की तापल्यावर, चढाला की वळणाला, हे मी वहीत लिहून नेते. आमचे मिस्त्री ते वाचतात, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरतात. नुसतं बोनेट उघडून बघण्यापेक्षा एक चक्कर मारून या, असा आग्रह मी धरते. मागच्या वेळी रिव्हर्समधून पहिल्याला टाकताना येणारी ‘टक्’ त्यांना गॅरेजच्या फाटकातच ऐकू आली. “जॉइंटचा क्रॉस गेलाय ताई,” ते म्हणाले, “हा सुटला असता तर शाफ्ट रस्त्यावर आला असता.” त्या दिवशी गोव्याला निघायचं होतं. सामान भरलेली गाडी तशीच त्यांच्याकडे ठेवली आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.