वस्तूंच्या ओळखीचा राखणदार : संग्रहालयाचा रजिस्ट्रार

बिहारमधील नालंदा येथील पुरातत्त्व संग्रहालयातून १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात चौदा मूर्ती चोरीस गेल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातील एक कांस्य बुद्धमूर्ती सत्तावन्न वर्षांनी, २०१८ साली, युरोपातील कलावस्तूंच्या बाजारात आढळली. जतन केलेल्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर ती नालंदाचीच असल्याचे सिद्ध झाले आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडन येथे ती भारताच्या उच्चायुक्तांच्या स्वाधीन करण्यात आली. छायाचित्रे नसती, तर मूर्ती समोर असूनही तिच्यावर हक्क सांगणे कठीण झाले असते. अशा नोंदी सिद्ध करणे व त्या सांभाळणे हे ज्याचे प्रमुख कर्तव्य, तो अधिकारी म्हणजे संग्रहालयाचा रजिस्ट्रार होय.

व्यवसायाची वाटचाल

१७५३ साली स्थापन झालेल्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा पाया सर हॅन्स स्लोन या वैद्याच्या संग्रहाने घातला. स्लोन यांनी आपल्या वस्तूंना क्रमांक देऊन त्यांच्या हस्तलिखित सूच्या तयार केल्या होत्या. त्यानंतर दीर्घकाळ नोंदीचे काम अभिरक्षक अथवा कारकून इतर कामे सांभाळून करीत असत. मात्र संग्रह हजारांवरून लाखांवर गेले, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात रजिस्ट्रार हे स्वतंत्र पद अस्तित्वात आले. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या रजिस्ट्रार डोरोथी डडली यांनी अर्मा बेझोल्ड यांच्या सहकार्याने नोंदणीपद्धतींवर ग्रंथ लिहिला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथामुळे विखुरलेल्या प्रथांना शास्त्राचे रूप लाभले. १९७७ साली अमेरिकेतील संग्रहालय संघटनेत रजिस्ट्रारांची स्वतंत्र समिती स्थापन झाली.

कामाचे स्वरूप

संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूस दाखल क्रमांक दिला जातो. उदाहरणार्थ, १९७५.१२.३ या क्रमांकातील पहिला आकडा वर्ष, दुसरा त्या वर्षातील बाराव्यांदा झालेले दान वा खरेदी, तर तिसरा त्यातील तिसरी वस्तू दर्शवितो. वस्तू कोणाकडून व कशी मिळाली, तिचे मोजमाप काय, ती कोठे भंगलेली आहे, सध्या कोणत्या कपाटात आहे, हे सर्व दाखल नोंदवहीत लिहिले जाते. वस्तू गहाळ झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूस दिला जात नाही.

वस्तू प्रदर्शनासाठी परगावी जाताना तिची स्थिती लिहून ठेवली जाते व ती परत आल्यावर पुन्हा तपासली जाते. त्यामुळे नुकसान कोठे झाले, हे निश्चित करता येते. करारनामा, विमा व बांधणीची व्यवस्थाही रजिस्ट्रारच पाहतो.

कायद्याने वाढविलेली जबाबदारी

सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदेशीर व्यापारास आळा घालण्यासाठी युनेस्कोने १९७० साली आंतरराष्ट्रीय करार संमत केला. भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यान्वये विनिर्दिष्ट प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी त्या बाळगणाऱ्यांवर बंधनकारक झाली. परिणामी वस्तू स्वीकारण्यापूर्वी तिचा पूर्वेतिहास तपासणे हेही रजिस्ट्रारचे महत्त्वाचे काम ठरले.

आपल्याकडील अनेक लहान संग्रहालयांत हे सारे काम अभिरक्षकालाच करावे लागते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेल्या 'जतन' या संगणकप्रणालीमुळे देशातील प्रमुख संग्रहालयांच्या नोंदी संगणकावर आल्या आहेत. तथापि मूळ नोंदच अपुरी असेल, तर संगणकही ती पूर्ण करू शकत नाही.

हा धडा केवळ शहरांतील संग्रहालयांपुरता मर्यादित नाही. गावच्या मंदिरातील मूर्ती, वेशीजवळचा वीरगळ, एखाद्या घराण्याकडील ताम्रपट यांची छायाचित्रे, मोजमाप व वर्णन ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दप्तरी असणे अगत्याचे आहे. एक मोजपट्टी, एक कॅमेरा व एक वही एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे. नालंदाची मूर्ती घरी परतली, ती अशाच जपून ठेवलेल्या नोंदीच्या बळावर. मात्र अशी नोंद चोरीच्या आधीच करून ठेवावी लागते.