नवे डॉक्टर आणि त्यांची नोंदणी

दिनांक १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून हा जिल्हा झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा या तालुक्यांची भर पडून तालुक्यांची संख्या आठ झाली. बियाणे आणि लोखंड यांच्या उद्योगांसाठी नाव मिळविलेल्या या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सुरू झाले. पहिल्याच वर्षी तेथे १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची सोय झाली. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथील खाजगी वैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वीपासून चालू आहे. शासकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीने सर्व टप्पे वेळेत ओलांडले, तर २०३० च्या सुमारास जालन्यातच शिकलेले डॉक्टर या महाविद्यालयातून बाहेर पडतील.

बाहेर पडलेला पदवीधर त्याच दिवशी रुग्ण तपासू लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पदवी आणि व्यवसाय यांच्यामध्ये नोंदणीची पायरी आहे. ती ओलांडल्याशिवाय पदवीधराला दवाखान्याची पाटी लावता येत नाही, वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होता येत नाही आणि साधा आजारपणाचा दाखलाही देता येत नाही. या पायरीवरचा विलंब जसा त्या तरुणाला जाणवतो, तसाच तो डॉक्टरची वाट पाहणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही जाणवतो. म्हणूनच ही पद्धत अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदणीची पूर्वपीठिका

डॉक्टरांची अधिकृत नोंदवही ठेवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये १८५८ च्या कायद्याने रूढ झाली. परीक्षा कोणत्या संस्थेची उत्तीर्ण झाली, यावर तेथे नोंदणी अवलंबून असे. डॉ. रखमाबाई यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. लंडनमधील स्त्रियांच्या ज्या वैद्यक विद्यालयात त्या शिकल्या, त्या विद्यालयास स्वतःचा परवाना देण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे शिक्षण लंडनला घेऊनही त्यांना स्कॉटलंडमधील मान्यताप्राप्त वैद्यक संस्थांच्या परीक्षेस बसावे लागले. १८९४ मध्ये ती पात्रता मिळवून त्या मायदेशी परतल्या आणि सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. शिक्षण कितीही उत्तम असले, तरी त्यावर अधिकृत मोहोर उमटावी लागते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

त्या काळी मुंबई इलाख्यात मात्र नोंदणीचा कायदाच नव्हता. तो १९१२ मध्ये झाला आणि त्यान्वये मुंबई वैद्यक परिषद स्थापन झाली. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्य एक झाले, तरी निरनिराळ्या विभागांतील डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे वेगवेगळे राहिले होते. त्यांचे एकीकरण १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियमाने केले. परतूरच्या आणि पुण्याच्या डॉक्टरांची नावे तेव्हापासून एकाच नोंदवहीत आली.

देशपातळीवर १९३३ चा आणि त्यानंतर १९५६ चा भारतीय वैद्यक परिषद अधिनियम लागू होता. त्याची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ याने घेतली आणि २५ सप्टेंबर २०२० पासून आयोगाचे काम सुरू झाले. राज्याची नोंदवही महाराष्ट्र वैद्यक परिषद ठेवते, तर देशाची नोंदवही आयोगाच्या अखत्यारीत आहे.

नोंदणीचे दोन टप्पे

आधुनिक वैद्यकाच्या पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्यास प्रथम तात्पुरती नोंदणी करावी लागते. ही नोंदणी केवळ आंतरवासितेपुरती असते. मान्यताप्राप्त रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करण्याची मुभा तिच्यामुळे मिळते, परंतु स्वतंत्र व्यवसायाचा हक्क मिळत नाही. आंतरवासी डॉक्टर काही आठवडे ग्रामीण आरोग्य सेवेतही घालवितात. त्या काळात त्यांच्याकडून आजारपणाचा दाखला, मृत्यूचे प्रमाणपत्र किंवा न्यायवैद्यकीय कागद घेणे योग्य नव्हे, कारण आपल्या सहीने असे कागद देण्यास त्यांना मनाई आहे. केंद्रात दुसरे कोणी नाही म्हणून आंतरवासी डॉक्टरकडे सहीचा आग्रह धरणारा पुढारी त्या तरुणाला अडचणीत टाकतो आणि मिळालेला कागदही निरुपयोगी ठरतो.

आंतरवासिता समाधानकारक रीतीने पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयाने दिल्यानंतर कायम नोंदणीसाठी अर्ज करता येतो. अर्ज संगणकीय पद्धतीने महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावयाचा असतो. अर्जासोबत मुख्यत्वे जन्मतारखेचा पुरावा, अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र, तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र, आंतरवासिता पूर्ततेचा दाखला, ओळखीचा पुरावा, छायाचित्र आणि विहित शुल्क द्यावे लागते. कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर अर्जदाराचे नाव नोंदवहीत दाखल होऊन त्यास नोंदणी क्रमांक मिळतो.

पूर्वी दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेल्या डॉक्टरला तेथील परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २००२ च्या विनियमांनी चाळणी परीक्षा लागू केली. परदेशी शिक्षणाकडे वळणाऱ्या ग्रामीण कुटुंबांनी ही बाब प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावी. परदेशी पदवी हाती आली, तरी येथील नोंदणी आपोआप होत नाही, याची जाणीव अनेक पालकांना कर्ज काढल्यानंतर होते.

शाळेच्या नोंदवहीपासून सुरुवात

अर्जाची कागदपत्रे पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. या साखळीतील पहिला कागद वैद्यकीय महाविद्यालयात तयार होत नाही. तो खेड्यातील प्राथमिक शाळेत तयार होतो. सामान्य नोंदवहीत मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख ज्या रीतीने लिहिली जाते, त्याच रीतीने ती शाळा सोडल्याच्या दाखल्यात, शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रात आणि पुढे विद्यापीठाच्या पदवीपत्रात उतरते. एका कागदावर 'ज्ञानेश्वर' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानोबा', एका ठिकाणी आडनाव तर दुसऱ्या ठिकाणी गावावरून पडलेले नाव, अशी तफावत असेल, तर पडताळणीच्या वेळी अर्ज अडतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी आणि पुन्हा अर्ज असे हेलपाटे सुरू होतात.

विवाहानंतर नाव बदलणाऱ्या स्त्री-डॉक्टरांना ही अडचण विशेष जाणवते. नावातील बदल परिषदेच्या नोंदवहीत वेळीच करून घेणे हा त्यावरील सरळ उपाय आहे. शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकांनी पहिलीत प्रवेश देतानाच जन्मदाखल्याशी नाव व तारीख पडताळून घेतली, तर पंधरा-वीस वर्षांनंतरचे अनेक दिवस वाचतील. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणेही मूल शाळेत असेतोवरच सोपे असते.

शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या पदवीधरांना राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. मंठा किंवा जाफराबादसारख्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांना अशा तरुण डॉक्टरांचा मोठा आधार असतो. परंतु नेमणुकीचा आदेश निघाला आणि कायम नोंदणी झालेली नसली, तर ती व्यक्ती वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू शकत नाही. एका कागदातील एका अक्षराची चूक अशा रीतीने सबंध गावाच्या दारी येऊन उभी राहते.

क्रमांकाचा अर्थ

नोंदणी क्रमांक हा केवळ कार्यालयीन खुणेचा आकडा नव्हे. वैद्यकीय व्यवसायाविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावावयाचा असतो. औषधचिठ्ठी, प्रमाणपत्र आणि पैशाची पावती यांवरही तो असावयास हवा. या क्रमांकावरून त्या व्यक्तीची पात्रता कोणती, ती कोणत्या परिषदेकडे नोंदलेली आहे आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, हे ठरविता येते. रुग्णाला डॉक्टरचे ज्ञान पारखता येत नाही, पण क्रमांक पडताळून घेता येतो. पदवी डॉक्टरच्या कष्टाचे फळ असते. क्रमांक ही रुग्णाला दिलेली हमी असते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम ३४ अन्वये नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीस पात्र वैद्यक व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येत नाही, वैद्यकीय किंवा क्षमतेचा दाखला देता येत नाही आणि वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून न्यायालयात साक्षही देता येत नाही. या कलमाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नोंदणी ज्या शाखेची, व्यवसायही त्याच शाखेचा, हे तत्त्वही तितकेच महत्त्वाचे आहे. आयुर्वेद व युनानी पदवीधरांसाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम असून त्यांची परिषद वेगळी आहे. होमिओपॅथीची व दंतवैद्यकाचीही स्वतंत्र परिषद आहे. मुंबईतील एका होमिओपॅथी पदविकाधारकाने १९९२ मध्ये एका तापाच्या रुग्णास आधुनिक वैद्यकातील औषधे दिली. प्रकृती ढासळून तो पस्तिशीतला रुग्ण काही दिवसांतच मरण पावला. त्याच्या पत्नीने दाद मागितली आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपली नोंदणी नसलेल्या शाखेची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय न्यायालयाने १९९६ मध्ये दिला आणि तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. नोंदणीच्या प्रश्नामागे माणसाचा जीव असतो, हे या निर्णयाने स्पष्ट केले.

पंचायत व कार्यालये यांचे कर्तव्य

गावात नवा दवाखाना उघडला, की पाटीवरील नावापुढची अक्षरे पाहून लोक समाधान मानतात. पंचायत सदस्यांनी त्यापुढे एक पाऊल टाकावे. नोंदणी क्रमांक व परिषदेचे नाव विचारावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत किंवा परिषदेच्या नोंदवहीवरून ते पडताळून घ्यावे. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही, कारण नियमानुसार तो क्रमांक दर्शनी असावयास हवाच.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. नोंदणीकृत डॉक्टरच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. चौकशीअंती परिषद ताकीद देऊ शकते किंवा नाव नोंदवहीतून काढू शकते. ज्याचे नाव वहीत नाही, त्याचे नाव काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा व्यक्तीविरुद्ध फौजदारी कारवाई हाच मार्ग असतो. त्यासाठी जिल्हा व तालुका पातळीवर समित्या नेमलेल्या आहेत. ऐकीव गोष्टींवरून आरोप न करता औषधचिठ्ठी, पावती आणि पाटीचे छायाचित्र असा पुरावा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावा.

शाळेत रजेसाठी येणारे आजारपणाचे दाखले, खेळाडूंचे क्षमतेचे दाखले आणि मृत्यूच्या कारणाची वैद्यकीय प्रमाणपत्रे स्वीकारताना सहीखाली नोंदणी क्रमांक आहे किंवा नाही, हे प्रत्येक कार्यालयाने पाहावे. मृत्यूचे कारण योग्य व्यक्तीने नोंदविले, तरच गावात कोणता रोग किती बळी घेतो, याचे खरे चित्र शासनापुढे येते.

नोंदणी टिकविण्याची जबाबदारी

एकदा मिळालेली नोंदणी आयुष्यभर आपोआप चालू राहत नाही. महाराष्ट्रात तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी या काळात ३० श्रेयांक मिळतील इतके निरंतर वैद्यकीय शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला शहरातील परिषदांना जाणे जिकिरीचे असते, तथापि वैद्यकशास्त्र वेगाने बदलत असल्याने ही अट रुग्णाच्या हिताची आहे. पुढे पदव्युत्तर पदवी मिळविली, तर तीही वाढीव पात्रता म्हणून नोंदवून घ्यावी लागते. पत्ता बदलल्यास तोही कळवावा.

जालन्यात आज पहिल्या काही वर्षांचे विद्यार्थी शरीररचनाशास्त्राची पुस्तके वाचीत आहेत. ते नोंदणीच्या दारात पोहोचण्यास अजून अवधी आहे. त्या वेळी त्यांचे कागद निर्दोष असावेत, यासाठी महाविद्यालयाने त्यांना प्रवेशाच्या वर्षीच या प्रक्रियेची माहिती द्यावी. शाळांनी आजच्या पहिलीतील मुलांच्या नोंदी काळजीपूर्वक कराव्यात. गावांनीही पाटीखालचा क्रमांक वाचण्याची सवय लावून घ्यावी. म्हणजे जिल्ह्यातच शिकलेला डॉक्टर आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात येऊन बसेल, तेव्हा त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लावलेले असेल आणि त्यासमोर बसणारा रुग्ण निःशंक मनाने आपली नाडी त्याच्या हाती देईल.