नव्या टॅबलेटवरचा ठिपका : ठेवावा की बदलून घ्यावा?

समजा, तुम्ही मोखाड्यात राहता. दहावीच्या अभ्यासासाठी घरच्यांनी पैसे साठवून नाशिकच्या दुकानातून एक टॅबलेट आणला. रात्री तो सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एक बारीक हिरवा ठिपका चमकताना दिसला. पावतीवर लिहिले आहे, 'माल सात दिवसांत बदलून मिळेल.' मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जाऊन यायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि घरातील एका माणसाची दिवसभराची मजुरी बुडणार. आई म्हणते, "एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडते?" मोठा भाऊ म्हणतो, "आज एक आहे, उद्या दहा होतील. परत करा."

यांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर? हा प्रश्न पैशांचा आहे, तसाच तो पदार्थविज्ञानाचा आणि गणिताचाही आहे. आपण तो क्रमाक्रमाने सोडवू.

ठिपका नेमका कोठे आहे?

प्रथम टॅबलेट बंद करून मऊ, कोरड्या सुती कापडाने पडदा पुसा. ठिपका गेला, तर ती धूळ होती. राहिला, तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि ते चित्र दुसऱ्या मोबाइलवर पाहा. स्क्रीनशॉट हा टॅबलेटच्या स्मृतीतील आकड्यांवरून बनतो. काचेवर प्रत्यक्ष काय दिसते आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ठिपका दुसऱ्या मोबाइलवरही दिसला, तर दोष चित्रात किंवा प्रणालीत आहे, पडद्यात नाही. तेथे दिसला नाही, तर दोष पडद्याचा आहे.

यानंतर पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे अशी पाच चित्रे पडदाभर लावून पाहा. प्रत्येक वेळी ठिपका कोणत्या रंगाचा दिसतो, याची नोंद वहीत करा. या नोंदीचा अर्थ समजण्यासाठी पडद्याची रचना पाहिली पाहिजे.

पडद्याच्या आत

सुमारे दहा इंची टॅबलेटचा पडदा बहुधा १९२० गुणिले १२०० चित्रबिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा असतो. गुणाकार केला तर २३,०४,००० चित्रबिंदू होतात. प्रत्येक चित्रबिंदूत लाल, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू असतात. म्हणजे एकूण उपबिंदू ६९,१२,०००. प्रत्येक उपबिंदूमागे काचेवर बसवलेला एक अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर स्विचचे काम करतो.

हा स्विच द्रवस्फटिकाच्या पातळ थरावर विद्युत्‌दाब देतो. द्रवस्फटिक हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत राहतात. १८८८ मध्ये ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना एका पदार्थाचे दोन द्रवणांक आढळले, आणि तेथून या पदार्थांचा अभ्यास सुरू झाला. आपल्या देशातही या विषयात मोठे काम झाले आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

द्रवस्फटिकाच्या थराच्या दोन बाजूंना दोन ध्रुवक असतात. मागच्या दिव्याचा प्रकाश पहिल्या ध्रुवकातून जातो, तेव्हा त्याची कंपने एकाच प्रतलात उरतात. दुसरा ध्रुवक पहिल्याशी काटकोनात असल्याने तो प्रकाश अडवला जातो. मधल्या रेणूंनी प्रकाशाचे कंपनप्रतल फिरवले, तरच तो बाहेर पडतो. आजच्या बहुतेक टॅबलेटांमध्ये दाब नसताना रेणू प्रकाश फिरवत नाहीत आणि उपबिंदू काळा राहतो. दाब दिला की तो उजळतो.

आता वहीतील नोंद वाचा. स्विचला दाब पोहोचत नसेल, तर उपबिंदू कायमचा काळा राहतो. पांढऱ्या चित्रात हिरवा उपबिंदू काळा राहिला, तर उरलेल्या लाल व निळ्यामुळे ठिपका जांभळट दिसेल. निळा गेला तर पिवळा, आणि लाल गेला तर निळसर हिरवा. याउलट स्विच 'चालू' स्थितीतच अडकला असेल, तर काळ्या चित्रात त्या उपबिंदूचा रंग चमकतो. आपल्या उदाहरणातील हिरवा ठिपका हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

ठिपका पसरेल काय?

सुटा ठिपका सहसा पसरत नाही. प्रत्येक उपबिंदूचा स्विच वेगळा असतो. एक नादुरुस्त झाला म्हणून शेजारचा नादुरुस्त होण्याचे कारण नाही. फळाच्या कुजण्याशी त्याची तुलना करणे चूक आहे. भावाची भीती येथे निराधार ठरते.

परंतु पडद्यावर आडवी किंवा उभी रेघ दिसत असेल, तर गोष्ट निराळी. अशा वेळी एक स्विच गेलेला नसून संपूर्ण रांगेला संदेश पुरवणारी तार किंवा तिचा जोड बिघडलेला असतो. असा जोड सैल असेल, तर तापमानाने आणि हाताळण्याने आणखी रेघा उमटू शकतात. शाईसारखा पसरणारा काळा डाग म्हणजे आतील काच तडकल्याची खूण होय. चित्र काढण्याच्या ॲपमध्ये बोटाने पडदाभर रेघा ओढून पाहा. एखाद्या पट्ट्यात रेघ तुटत असेल, तर स्पर्शाची जाळी सदोष आहे. हे तीन दोष आढळले तर विचार करत बसू नये. टॅबलेट मुदतीत परतच करावा.

एक सूचना. अडकलेला बिंदू 'मोकळा' करण्यासाठी काही लोक पडदा अंगठ्याने दाबतात. तसे करू नका. दाबाने शेजारचा भाग खराब होऊ शकतो, आणि मग दुकानदार दोष तुमच्या माथी मारील.

डोळ्याला किती दिसते?

दहा इंची पडद्यावरील एका चित्रबिंदूची रुंदी साधारण ०.११ मिलिमीटर भरते. चांगल्या डोळ्याची विभेदनक्षमता सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग असते. ४० सेंटिमीटर अंतरावर एक कला म्हणजे सुमारे ०.१२ मिलिमीटर. म्हणून पुस्तक वाचण्याच्या अंतरावरून एखादा काळा चित्रबिंदू डोळ्याच्या मर्यादेवरच असतो. पांढऱ्या पानावर तो क्वचितच जाणवतो.

मग उपबिंदू याच्या एकतृतीयांश रुंदीचा असूनही काळ्या पडद्यावर चमकताना का दिसतो? सूर्यमाळच्या पठारावरून अमावास्येच्या रात्री तारे पाहा. कोणत्याही ताऱ्याचा कोनीय आकार एका कलेपेक्षा हजाराहून अधिक पटींनी लहान असतो, तरी तो दिसतो. अंधारात उजेड दिसण्यासाठी आकार मोठा असावा लागत नाही; पुरेसा प्रकाश डोळ्यात शिरला की झाले. वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर काढलेला तांदळाच्या पिठाचा ठिपका दुरून उठून दिसतो, याचेही कारण पार्श्वभूमीशी असलेला विरोध हेच होय.

यावरून एक नियम मिळतो : उजळ ठिपका काळ्या ठिपक्यापेक्षा अधिक त्रासदायक, आणि मधला ठिपका कडेच्या ठिपक्यापेक्षा अधिक त्रासदायक. मात्र पांढऱ्या पानांची पुस्तके वाचण्यासाठीच टॅबलेट हवा असेल, तर हिरवा उजळ उपबिंदूही फारसा जाणवणार नाही, कारण पांढऱ्या पानावर तो तसाही उजळलेलाच असायला हवा.

बदलून मिळालेला तरी निर्दोष असेल काय?

येथे संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते. गणितापुरते असे माना, की दर एक कोटी स्विचांमागे एक सदोष निघतो. हा आकडा आपण मानलेला आहे, कोणा कारखान्याचा नव्हे. एक स्विच चांगला असण्याची संभाव्यता ०.९९९९९९९. सगळे ६९,१२,००० स्विच चांगले असण्यासाठी ही संख्या स्वतःशीच तितक्या वेळा गुणावी लागेल. उत्तर येते सुमारे ०.५०. म्हणजे कोटीत एक इतकी अचूकता साधूनही निम्मे पडदे कोठे तरी सदोष निघतील!

याच हिशेबाने १०० टॅबलेटांपैकी सुमारे ५० निर्दोष, ३५ एका दोषाचे आणि १५ दोन किंवा अधिक दोषांचे असतील. तुमच्याकडे एका दोषाचा टॅबलेट असेल, तर बदलल्यावर १०० पैकी ५० वेळा फायदा, ३५ वेळा जवळपास तेच, आणि १५ वेळा तोटा. शंभरातील ९९ पडदे निर्दोष हवे असतील, तर सुमारे ६९ कोटींत एकच स्विच बिघडलेला चालेल.

५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट सादर केला होता. त्याचा सात इंची पडदा ८०० गुणिले ४८० चित्रबिंदूंचा होता, म्हणजे ११,५२,००० उपबिंदू. कोटीत एक हेच प्रमाण धरले, तर अशा पडद्यांपैकी सुमारे ८९ टक्के निर्दोष निघतील. चित्र जितके रेखीव हवे, तितके स्विच वाढतात आणि निर्दोष पडदा बनवणे तितके अवघड होते.

याच कारणाने २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १३४०६-२ मध्ये, पडद्यांचे वर्ग ठरवले गेले. त्यातील दुसऱ्या वर्गात दर दहा लाख चित्रबिंदूंमागे दोन सदैव उजळ, दोन सदैव काळे आणि पाच सदोष उपबिंदूंचे चित्रबिंदू चालत असत. २००८ मध्ये त्याची जागा नव्या मानकाने घेतली. वर्गांची कल्पना कायम राहिली. एका ठिपक्यासाठी कंपन्या हमीखाली पडदा बदलण्यास का कचरतात, ते यावरून कळेल.

ग्राहकाचा हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूच्या दर्जात कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेली उणीव म्हणजे दोष, असे तो मानतो. पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. एका बारीक ठिपक्याला दोष म्हणावे काय, हे मात्र विक्रेत्याने कोणत्या दर्जाचे वचन दिले होते, यावर बरेचसे अवलंबून राहील.

निर्णय

रेघ, पसरता डाग किंवा स्पर्शाचा दोष असेल, तर परत करा. कडेला एकच काळा ठिपका असेल, तर ठेवा. मधोमध उजळ ठिपका असेल, तर दोन प्रश्न विचारा. टॅबलेटवर काळ्या पार्श्वभूमीची चित्रे व व्हिडिओ किती पाहणार? आणि जाण्यायेण्याचा खर्च किती? दुकान जव्हारच्याच बाजारात असेल, तर बदलून घेणे फायद्याचे. नवा टॅबलेट मात्र दुकानातच पाच रंग लावून तपासा. दुकान नाशिकला असेल आणि एक दिवसाची मजुरी जाणार असेल, तर शंभरात पन्नासच्या आशेसाठी ती खर्चावी काय, हे घरच्यांनी मिळून ठरवावे. पण सात दिवस उलटण्यापूर्वी ठरवावे. तोवर दुकानदाराला फोन करून व ठिपक्याचा फोटो पाठवून दोष कळवून ठेवावा. याला पैसे लागत नाहीत.

करून पाहा

१. चालू पडद्यावर पांढरे चित्र लावा. बोटाचे टोक ओले करून मोहरीएवढा पाण्याचा एकच थेंब काचेवर ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि त्यातून लाल, हिरवे, निळे उपबिंदू वेगळे दिसतात. चार्जर काढून ठेवा, थेंब कडेच्या फटीपासून दूर ठेवा आणि लगेच पुसा.

२. एका शाळेने १९२० गुणिले १२०० चित्रबिंदूंचे ४० टॅबलेट घ्यायचे ठरवले. कोटीत एक हे प्रमाण धरून किती टॅबलेट निर्दोष निघतील? विक्रेत्याशी करार करताना 'एकही ठिपका चालणार नाही' ही अट घालणे कितपत व्यवहार्य आहे? शिक्षकांनी वर्गात चर्चा घडवावी आणि चालतील अशा ठिपक्यांची संख्या, रंग व जागा सांगणारी अट विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावी.